नालासोपाऱ्याच्या रॅपवर डॉक्युमेंटरी जरूर करा, पण गाणी पोरांच्या नावावर राहू द्या

गेल्या दोन महिन्यांत तीन जणांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "ताई, नालासोपारा-विरारच्या रॅपर पोरांचे नंबर मिळतील का? डॉक्युमेंटरी करायचीय." एक मुंबईच्या मास मीडिया कॉलेजातली मुलगी, एक जाहिरातींचं शूटिंग करणारा अंधेरीचा तरुण, आणि तिसरा आपलाच, मनवेलपाड्याचा, लग्नाचे व्हिडिओ करून पोट भरणारा. तिघांनाही मी नंबर दिले नाहीत. आधी पोरांना विचारते म्हटलं. मग पोरांनी उलट मलाच जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं शोधता शोधता ही पोस्ट लांबली. चहा घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगून टाकते. डॉक्युमेंटरी व्हायलाच हवी, आणि लवकर व्हायला हवी. पण दरवेळी होते तशी नको.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. संध्याकाळी सातनंतर, क्लास सुटल्यावर किंवा ड्युटी संपवून गाडीतून उतरल्यावर दहा-बारा पोरं गोल करून उभी राहतात. कुणीतरी मोबाइलला छोटा स्पीकर जोडून बीट लावतो, नाहीतर एखादा तोंडानेच ढोल-ताशा वाजवतो, आणि एकेक जण मध्ये येऊन आपलं म्हणतो. याला ते सायफर म्हणतात. जागा ठरलेली नसते. कधी मैदानाचा कोपरा, कधी बंद पडलेल्या साइटचा तळमजला, कधी गच्ची, म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी वर येईपर्यंत. विषय? पाणी, टँकर, विरार लोकलचा दरवाजा, घरभाडं, प्रेमभंग (हा भरपूर). आणि एकमेकांची आय-माय काढणं. तेही भरपूर, लपवण्यात अर्थ नाही.

रेकॉर्डिंग घरात. तीन-चार हजारांचा माइक, भिंतीला गोधड्या, पंखा बंद. रात्री दोननंतर, कारण त्याआधी पाण्याचा पंप, रिक्षा आणि शेजारची सिरियल सगळं गाण्यात येतं. व्हिडिओ मोबाइलवर, एडिटिंग मोबाइलवर, यूट्यूबवर टाकायचं, तीनशे व्ह्यूज, त्यातले शंभर स्वतःचेच. कंपनी नाही, मॅनेजर नाही, तिकीट नाही, परवानगी नाही. म्हणून ते स्वतःला अंडरग्राउंड म्हणवतात.

आपल्या जिल्ह्यात "भूमिगत" या शब्दाला वेगळं वजन आहे. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरला गोळीबारात पाच जण गेले, त्या काळात भूमिगत म्हणजे वॉरंट चुकवणारा. १९४५ ला सुरू झालेल्या वारल्यांच्या लढ्यातही तोच अर्थ. त्यामुळे पहिल्यांदा एका एकोणीस वर्षांच्या पोराने "ताई, मी अंडरग्राउंड आर्टिस्ट" असं सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं. एप्रिल २०२३ नंतर मात्र मी हसत नाही. त्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर खोक्यांवरच्या रॅपसाठी अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला, आणि वडाळ्याच्या उमेश खाडेवर त्याच्या रॅपसाठी वडाळा टीटी पोलीस ठाण्यात. दोघेही मराठीत म्हणणारे, दोघेही साधी घरची पोरं, कोणाही कंपनीचे नाहीत. अंडरग्राउंडचे दोन अर्थ एकमेकांच्या किती जवळ राहतात ते तेव्हा कळलं. याकडे पुढे पुन्हा येते, कारण कॅमेरा आला की हा प्रश्न आधी येतो.

आता "दरवेळी होते तशी नको" म्हणजे काय ते.

आपल्या भागाची गोष्ट पडद्यावर आली नाही असं नाही. सुरेश मुकुंद आणि व्हर्नन मोंटेरो ही नालासोपारा-वसईकडची नाचणारी पोरं. २०११ ला त्यांच्या ग्रुपने इंडियाज गॉट टॅलेंट जिंकलं. २०१५ चा एबीसीडी २ त्यांच्याच गोष्टीवर निघाला, आणि त्याच वर्षी त्यांच्या ग्रुपने सॅन दिएगोच्या जागतिक हिप-हॉप नृत्य स्पर्धेत ब्राँझ आणलं. २०१९ ला द किंग्जने अमेरिकेत वर्ल्ड ऑफ डान्स जिंकलं. मग भाईंदर-नायगावच्या व्ही अनबीटेबलने २०२० मध्ये अमेरिकाज गॉट टॅलेंटची चॅम्पियन्स स्पर्धा मारली. त्या नावातला "व्ही" म्हणजे विकास, सरावात अपघात होऊन गेलेला त्यांचा साथीदार. मला या सगळ्यांचा अभिमान आहे, तुम्हालाही असेल.

रॅपचं तसंच. २०१९ ला गल्ली बॉय आला, फिल्मफेअरचे तेरा पुरस्कार घेऊन गेला, आणि आमच्या आचोळ्यापासून संतोष भुवनपर्यंत प्रत्येक गल्लीत दोन-चार रॅपर तयार झाले. त्याआधीही होते, पण घरच्यांना सांगायला आता शब्द मिळाला. "मम्मी, ते रणवीरने केलं ना, ते."

या सगळ्या गोष्टींचा साचा एकच. गरीब वस्ती, एक हुशार पोरगा, मोठा स्टेज, टाळ्या. जो गेला त्याची गोष्ट. पण इथला सीन म्हणजे जो गेला तो एकटा नाही. त्याच्याबरोबर गोलात उभे असलेले बाकीचे अकरा जण, जे कुठेही गेले नाहीत, तेही तोच सीन. त्यातला एक आता वसई पूर्वेच्या कारखान्यात नाइट शिफ्टला आहे, एक डिलिव्हरी करतो, एकाने लग्नानंतर सोडलं, एक अजून दर रविवारी येतो आणि नव्या पोरांना श्वास कुठे घ्यायचा ते शिकवतो. माझ्या मते त्या शेवटच्यावर सिनेमा व्हायला हवा. पण डॉक्युमेंटरीवाले आले की पहिला प्रश्न काय विचारतात? "यांच्यातला सगळ्यात टॅलेंटेड कोण?" अंधेरीच्या तरुणाने मलाही हेच विचारलं. म्हटलं, ही काय शाळेची स्कॉलरशिप आहे का.

चांगली उदाहरणं नाहीत असं नाही. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये आपलं पहिलं गाजलेलं गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं, आयपॅडवरच शूट केलं. त्याच वर्षी दिशा नोयोनिका रिंदानी हिने त्याच्यावर बॉम्बे ७० नावाची छोटी डॉक्युमेंटरी केली. ७० म्हणजे कुर्ला पश्चिमेचा पिनकोड, ४०० ०७०. गल्ली बॉय यायला तेव्हा पाच वर्षं होती. बड्या स्टुडिओआधी एक मुलगी कॅमेरा घेऊन त्या घरात पोचली होती, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे ४०१ २०९ ची टोपी घालून फिरणारी पोरं आहेत. ती कुणाची तरी वाट बघतायत असं नाही, पण दार उघडं आहे.

आणि या बाबतीत माझ्यासाठी सगळ्यात वर आहे आनंद पटवर्धनांचा जय भीम कॉम्रेड. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा जण गेले. ते सहन न होऊन शाहीर विलास घोगरे यांनी चार दिवसांनी आत्महत्या केली. घोगरे पटवर्धनांच्या १९८५ च्या हमारा शहर मध्ये गायले होते, म्हणजे ओळख जुनी. तिथून सुरू झालेला सिनेमा पूर्ण व्हायला चौदा वर्षं लागली. मध्ये पुण्याच्या कबीर कला मंचाची पोरं येतात, जी पुढे खरोखरच भूमिगत झाली. शीतल साठे आणि सचिन माळी एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनासमोर येऊन पोलिसांच्या हवाली झाले. ज्यांना वाटतं की वस्तीतल्या गाण्यावरची डॉक्युमेंटरी म्हणजे ड्रोन शॉट आणि स्लो मोशन, त्यांनी तीन तास काढून तो बघावा. माणसं गाणं म्हणतात ते पुरतं ऐकू येतं. कुठे म्हणतात, समोर कोण बसलंय, ते दिसतं.

चौदा वर्षं कुणी द्या असं मी म्हणत नाही. पण मला जो फॉर्म दाखवला गेला त्यात शूटिंगचे दिवस "४" असे लिहिले होते. चार दिवसांत लग्नाचा व्हिडिओ होतो. तोही हळदीपासून धरला तर.

घाई कशाची म्हणाल तर आपल्या गावात जागा टिकत नाहीत, त्याची. २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती हायकोर्टाच्या आदेशाने पाडल्या. जमीन डंपिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव होती, त्यावर इमारती उभ्या राहिल्या, माणसांनी कर्ज काढून घरं घेतली. दोन हजारांवर कुटुंबं बाहेर पडली. त्यावर मी तेव्हा बरंच लिहिलंय, पुन्हा लिहीत नाही. इथे एवढंच, की ओळखीतल्या एका पोराची गोधड्यांची रेकॉर्डिंग खोली त्यातल्याच एका इमारतीत होती. सामान काढायच्या गडबडीत आई भांडी बघत होती, बाप कागदपत्रं, आणि हा हार्ड डिस्क शोधत होता. सापडली. पण त्या खोलीचा, त्या गच्चीचा, तिथे जमणाऱ्या पोरांचा एकही धड व्हिडिओ कुणाकडे नाही. ती पोरं आता भिवंडी, वांगणी, बोईसर अशी पांगलीत. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारच्या विजय नगरची रमाबाई अपार्टमेंट कोसळून सतरा जण गेले, तेव्हा पोरांनी दोन रात्रींत त्यावर गाणी केली. बातमीत जे आकडे होते ते गाण्यात नव्हते. गाण्यात जिन्यातला अंधार होता, कुणाच्या तरी दारातल्या चपला होत्या. मी पत्रकार आहे, मला त्या चपला सुचल्या नव्हत्या.

माणसंही टिकत नाहीत. स्वदेशी हा मुंबईचा रॅप ग्रुप, एकाच ग्रुपात मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली म्हणणारा. त्यांनी २०१९ मध्ये आरेच्या केलटीपाड्यातल्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारल्यांच्या लढ्यावर गाणं केलं. आपल्या जिल्ह्याचा इतिहास, आणि तो आधी सुचला मुंबईच्या पोरांना, असो. त्याच ग्रुपमधला गुजरातीत रॅप करणारा एमसी तोडफोड, धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये गेला. वय चोवीस. गल्ली बॉयच्या एका गाण्यात त्याचा आवाज आहे. चोवीस वर्षांच्या मुलाची आठवण ठेवायला किती रेकॉर्डिंग असतं? असेल तेवढंच.

उलट टोक बघा. जव्हारच्या वाळवंडा गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव यंदाच्या पद्मश्रीत आलं, नव्वदीच्या घरात पोचल्यावर. आनंदच आहे. पण त्यांच्याबरोबरीने तारपा फुंकणारे किती जण कुठलंही रेकॉर्डिंग न होता गेले असतील, हा विचार त्या दिवशी डोक्यातून जाईना.

"तारपा कुठे आणि ही शिवीगाळ कुठे" असं कमेंटमध्ये येणार, माहीत आहे. ज्यांना वाटतं की हे बाहेरून आलेलं फॅड आहे, त्यांनी सकाळच्या विरार लोकलमधली भजनी मंडळं आठवावीत. ठरलेला डबा, टाळ, ढोलकी, एक सांगणारा आणि बाकीचे मागे म्हणणारे. चर्चगेटपर्यंत साठ किलोमीटर, उभ्याने. त्यांच्यावरही तक्रारी होतात, त्यांनाही रेल्वे पोलीस खाली उतरवतात, "डोकं दुखतं" म्हणणारे प्रवासी तिथेही आहेत. माझ्या ओळखीत एक बाप-लेक आहेत. बाप पंचवीस वर्षं ७ च्या गाडीत भजनाला, लेक रात्रीच्या परतीच्या गाडीत दरवाज्याशी उभा राहून रॅप जुळवतो. बापाला लेकाचं गाणं म्हणजे बडबड वाटते. लेकाने एका गाण्याच्या मध्ये ठेका घेतलाय तो बापाच्या मंडळाच्या गजराचा. बापाच्या अजून लक्षात आलेलं नाही. डॉक्युमेंटरीवाल्यांनो, हा शॉट फुकट देतेय, घ्या.

भाषेचं एकदा बोलून घेते. यातली बरीच पोरं हिंदीत म्हणतात, मराठी घरातलीसुद्धा. कारण गोलात उभा असलेला शेजारी भोजपुरीवाला असतो, त्याला कळलं पाहिजे. मध्येच मराठी येते, बहुतेक वेळा राग आला की. वाडवळीत, सामवेदीत कुणी मनापासून लिहिलं तर मी पहिली शेअर करीन. पण डॉक्युमेंटरी करणाऱ्याने सोयीची म्हणून कुणाला शुद्ध मराठी किंवा शुद्ध हिंदी बोलायला लावू नये. खाली सबटायटल द्या, मराठीतही द्या. नाहीतर बाप बघणार कसा?

आता मुद्द्याचं, म्हणजे कागदाचं. पोरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न पैशाचा नव्हता. "ताई, माझं गाणं त्यांचं होईल का?"

मी तो फॉर्म वाचला. इंग्रजीत, दीड पान, बारीक अक्षरात. त्यातलं एक वाक्य असं, की सही करणाऱ्याने आपला चेहरा, आवाज आणि सादर केलेली सगळी गाणी सर्व माध्यमांसाठी, कायमची आणि संपूर्ण विश्वात वापरायला दिली. विश्वात! इथे दोन दिवसांआड पाणी येतं आणि हक्क मंगळापर्यंत गेले. हसण्यावारी नेऊ नका, असे फॉर्म सर्रास असतात आणि पोरं कॅमेऱ्याच्या आनंदात सही करतात.

ओळखीच्या एका वकील मैत्रिणीबरोबर बसून जे समजलं ते साध्या भाषेत सांगते. गाण्याचे शब्द ज्याने लिहिले त्याचे, आणि त्यासाठी कुठेही नोंदणी करावी लागत नाही. लिहिलं की हक्क आला, तो लेखकाच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं. नोंदणी केली तर भांडणात पुरावा होतो. सरकारी फी शब्दांसाठी पाचशे रुपये, ऑनलाइन होते. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सही करूनच देता येतो, तोंडी "हो दादा" म्हटल्याने जात नाही. आणि ही गंमत कुणाला माहीत नसते, की कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरतात, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलेलं नसेल तर फक्त भारत. म्हणूनच ते "कायमची" आणि "विश्वात" आठवणीने लिहितात.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. थिएटरात सिनेमाबरोबर वाजणं सोडून गाणं इतर कुठेही वापरलं गेलं, तर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सही करूनही सोडता येत नाही. मोठ्या गीतकारांनी वर्षानुवर्षं भांडून हे मिळवलं. नालासोपाऱ्याच्या पोरालाही ते तितकंच लागू आहे, फक्त त्याला कुणी सांगितलेलं नाही.

पण एक खाच आहे. शब्द पोराचे राहिले तरी शूटिंगच्या वेळी जे रेकॉर्डिंग होतं ते, म्हणजे तो आवाजाचा तुकडा, ज्याने पैसे घालून रेकॉर्ड केलं त्याचा ठरतो. म्हणजे उद्या पोराने स्वतःच्याच चॅनेलवर तो तुकडा टाकला तर यूट्यूब त्यालाच स्ट्राइक देऊ शकतं. म्हणून फॉर्ममध्ये एक ओळ वाढवून घ्या. "माझ्या गाण्याच्या रेकॉर्डिंगची पूर्ण प्रत मला मिळेल आणि ती मी माझ्या नावाने प्रसिद्ध करू शकेन." ज्याचा हेतू साफ आहे तो नाही म्हणणार नाही. आणि अठरा पूर्ण नसलेल्या पोराची सही चालत नाही, आई-बापाची लागते. इथली निम्मी पोरं अकरावी-बारावीची आहेत, म्हणजे "घरी कळलं तर" हा त्यांचा दुसरा प्रश्न इथेच निकालात निघतो. कळणारच.

बीटचा घोळ तर याहून मोठा, आणि त्यात चूक पोरांची. बहुतेक गाणी यूट्यूबवरून उतरवलेल्या बीटवर आहेत. वर "फ्री" लिहिलेलं असतं, खाली लिहिलेलं असतं की पैसे कमवायचे नसतील तरच फ्री, नाहीतर लायसन्स घ्या. तीनशे व्ह्यूजपर्यंत कुणी विचारत नाही. डॉक्युमेंटरी एखाद्या ओटीटीने घ्यायची म्हटली की त्यांचा वकील प्रत्येक बीटचा कागद मागतो. कागद नाही, गाणं कापा. मग रॅपवरच्या सिनेमात रॅपच नाही, नुसती पोरं पुलावर उभी राहून समुद्राकडे बघतायत.

यावर उपाय आपल्याकडेच आहे. सायफर तोंडाच्या बीटवर शूट करा, ते कुणाचंही कर्ज नाही. आणि दोन-तीन गाणी नव्याने करा, इथल्या बेंजो पार्टीला बसवून. गणपती-लग्नाचा हंगाम सोडला तर वाजवणारे रिकामे असतात. त्यांना रोख पैसे द्या, श्रेयनामावलीत नाव द्या. बेंजोवर रॅप कसं लागेल मला माहीत नाही, पण ऐकायला मी येईन.

आता तो पोलिसांचा प्रश्न. आमची पोरं टँकरवर म्हणतात, बिल्डरवर म्हणतात, कधी थेट नाव घेऊन. गोलात म्हटलेलं बारा जणांत राहतं. सिनेमात म्हटलेलं चेहऱ्यासकट, कॉलेजच्या नावासकट, घराच्या गल्लीसकट जातं. डॉक्युमेंटरीवाला पुरस्कार घेऊन पुढच्या विषयाला लागतो, पोरगा इथेच राहतो. इराणच्या बहमन गोबादी यांनी २००९ मध्ये तेहरानच्या लपूनछपून वाजवणाऱ्या बँडवर विनापरवाना सिनेमा केला, कान महोत्सवात तो गाजला. त्यातली मुख्य जोडी शूटिंग संपताच देश सोडून गेली. आपलं तेहरान नाही, मान्य. पण अंबरनाथ आणि वडाळा दूर नाहीत, आणि नालासोपाऱ्याच्या पोराला देश सोडून जायचं तिकीट कोण देणार? म्हणून प्रसिद्ध करण्याआधी प्रत्येकाला त्याचा भाग दाखवा. कुणी म्हणालं चेहरा नको, तर नको. कुणी म्हणालं हे गाणं काढा, तर काढा, कितीही चांगलं असलं तरी. पत्रकार म्हणून मला हे लिहिताना जड जातंय, कारण आम्ही छापण्याआधी कुणाला दाखवत नाही. पण मंत्र्याची मुलाखत आणि सतरा वर्षांच्या पोराचं गाणं यांना एक नियम लावता येत नाही.

आणि मुली. गोलात त्या दिसत नाहीत म्हणून "इथे मुली रॅप करत नाहीत" असं व्हॉइसओव्हरमध्ये टाकू नका. करतात. दुपारी, घरी, बहिणीच्या मोबाइलवर. संध्याकाळी सातनंतर मैदानाच्या कोपऱ्यात उभं राहायची परवानगी त्यांना नाही, एवढंच. कॉलेजातल्या त्या मुलीला मी म्हणाले, तुला हे जमेल, अंधेरीवाल्याला जमणार नाही. तू दुपारी जा.

परवानग्यांचं थोडक्यात. वसईचा किल्ला पुरातत्त्व खात्याचा, तिथे शूटिंगला रीतसर परवानगी आणि फी. कोल्डप्लेच्या जानेवारी २०१६ च्या गाण्यात आपला किल्ला साऱ्या जगाने पाहिला. आमच्या पोरांनी ट्रायपॉड उघडला की शिट्टी वाजते. नियम आहे, तक्रार नाही, पण निदान स्थानिकांच्या बिनपैशाच्या कामाला अर्ज कुठे करायचा ते किल्ल्याच्या दारावर मराठीत लिहा. मोकळ्या मैदानात स्पीकर लावायचा तर पोलिसांची परवानगी, रात्री दहानंतर बंद. हेही बरोबरच, मलाही झोप लागते. मग बंद जागा द्या की. २००९ ला महापालिका झाली, २०११ च्या जनगणनेत सव्वाबारा लाख माणसं होती, आज कितीतरी जास्त असतील. एवढ्या शहरात पोरांना महिन्यातून दोन रविवार परवडेल अशी, दारं-खिडक्या बंद होणारी एक खोली मिळू नये? महापालिकेच्या शाळांचे हॉल रविवारी रिकामे असतात. नगरसेवक, इच्छुक, माजी, भावी, जे कुणी हे वाचत असतील त्यांनी गणपतीच्या बॅनरवर फोटो टाकण्याआधी हे एक काम करून दाखवावं. त्या हॉलचं उद्घाटन कव्हर करायला मी स्वतः येईन, फेट्यासकट फोटो छापीन.

पोरांशी बोलून मी आणि वकील मैत्रिणीने मराठीत एका पानाचा संमतीचा कागद केलाय. मुदत पाच वर्षं, रेकॉर्डिंगची प्रत पोराला, आधी दाखवणं बंधनकारक, सिनेमा विकला गेला तर गाणाऱ्यांचा वाटा आधीच लिहिलेला, आणि अठराखालच्यांसाठी पालकांची सही. मनवेलपाड्याच्या आपल्या माणसाने तो वाचून "वाट्याचा आकडा जरा कमी करा" असं म्हटलंय, त्यावर बोलणं चालू आहे. कॉलेजच्या मुलीने होकार दिलाय. अंधेरीहून अजून फोन नाही.

कुणाला हा कागद हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पाठवते. वकील मंडळींनी त्यात चुका काढा, राग नाही. आणि कुणाकडे २०१५ ते २०२० दरम्यानचे इथल्या सायफरचे, कॉलेज फेस्टचे, गच्चीवरचे जुने व्हिडिओ मोबाइलमध्ये पडले असतील तर कृपा करून डिलीट करू नका. आवाज फाटलेला असला तरी चालेल.